डब्यावरचा नायक, पडद्यावरचे ठिपके

‘कॉन्ट्रा’ या व्हिडिओ गेमच्या डब्यावर दोन दणकट जवान बंदुका सरसावून उभे आहेत. हे चित्र ब्रिटिश चित्रकार बॉब वेकलिन यांचं. जवानांची ढब १९८७च्या ‘प्रेडेटर’ सिनेमातल्या श्वार्झनेगरच्या छायाचित्रांवरून घेतलेली. कॅसेट लावली की पडद्यावर मात्र बोटाच्या पेराएवढी दोन माणसं उड्या मारत सुटायची, एकाची विजार निळी, दुसऱ्याची लाल. म्हणजे पोरांची फसवणूकच झाली का?

नव्वदच्या दशकात मे महिन्यात रत्नागिरीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या सामानात कधीमधी टीव्ही गेम असायचा. कॅसेट अडली की तिच्या खालच्या पट्टीवर फुंकर मारायची, बाकी सगळं विजेच्या मर्जीवर. ‘९९९९ इन १’ छापलेल्या कॅसेटमध्ये मोजकेच गेम नावं बदलून पुन्हापुन्हा यायचे. ही शुद्ध फसवणूक, तिथे वाद नाही.

चित्राचं प्रकरण वेगळं. १९८५चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला. छोटा मारिओ १६ ठिपके उंच. इतक्या ठिपक्यांत केस दाखवणं अवघड म्हणून टोपी, नाक उठून दिसावं म्हणून मिशी. आभाळातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप ही तर एकच आकृती, वर पांढरी, खाली हिरवी. कित्येकांना हे खेळून खेळून बोटं दुखली तरी कळलं नाही. वेदान्ती याला नामरूपाचा खेळ म्हणेल आणि दोरी-सापाचा दाखला देऊन मोकळा होईल.

कोकणात इतक्या स्वस्तात सुटका नाही. रत्नागिरी परिसरात शिमग्याला ग्रामदेवतेची रुपं लावून पालखी सजते. हे धातूचे मुखवटे कारागिराने घडवलेत, हे पालखी नाचवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. तरी दारात येतो तो देवच. भ्रम असता तर दोरी कळल्यावर साप जातो तसा हाही गेला असता. इथे सगळं कळूनही काही जात नाही. डब्यावरच्या चित्राने हेच केलं. ठिपक्यांत काय पाहायचं ते त्याने सांगितलं आणि बाकीचं काम पोरांवर सोपवलं. आताच्या गेममध्ये नायकाच्या दाढीचा केस न् केस रेखाटलेला असतो, खेळणाऱ्याला तिथे भर घालायला काही उरत नाही.

आज हे गेम मोबाइलवर चालतात. चाळिशीतला माणूस हौसेने लावतो आणि दहा मिनिटांत कंटाळतो. मग हा गेम तोच का? पूर्वी पाहिलेला देवदत्त नावाचा माणूस आज दुसरीकडे दिसला, तर ‘तोच हा’ असं का म्हणायचं, यावर आपल्याकडे शतकानुशतकं खल झाला. अद्वैती म्हणतो, स्थळकाळाचा फरक वगळा, माणूस एकच. बौद्ध म्हणतो, दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी, सारखेपणाला तुम्ही ‘तीच’ म्हणता. इथे गंमत उलटी आहे. गेम बिट न् बिट तोच. देवदत्त जागच्या जागी आहे, ओळखणारा मात्र बदलला.

की तोही पुरता बदललेला नाही? वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए. ‘कॉन्ट्रा’त ३० जीव मिळवून देणारा बटणांचा हा क्रम सोबत खेळलेल्या पोरांची नावं विसरलेल्याच्याही अंगठ्यांत शाबूत असतो. बौद्ध यालाही बधणार नाही. संस्कारांची साखळी पुढे सरकते, त्यासाठी तोच माणूस टिकायची गरज नाही, असं तो म्हणेल. आणि टिकणारा आत्मा मानणारा नैयायिक लगेच विचारेल, मग कंटाळा नेमका कोणाला आला?