पत्ता विसरलेलं यंत्र

माझं जुनं सन स्पार्कस्टेशन नेटवर्कला जोडेना. दोन रात्री मी केबलला दोष दिला. मग आयएफकॉन्फिग चालवलं: इथरनेट पत्त्याच्या जागी नुसते एफएफ. चिपमधली बॅटरी संपली आणि यंत्र स्वतःचा पत्ता विसरलं होतं. नेटवर्कच्या भाषेत सगळे एफएफ म्हणजे ‘सर्वांसाठी’. जो सगळ्यांचा पत्ता स्वतःचा म्हणून सांगतो, त्याला उत्तर कोण आणि कुठे पाठवणार?

८:०:२० हा सनचा आरंभ ठेवून पुढे कुठलेही आकडे घातले असते तरी चाललं असतं. घरच्या नेटवर्कला कळलंही नसतं. तरी मी चिपवरच्या पुसट स्टिकरवरून मूळ आकडे शोधत बसलो. कुणी तपासणार नसताना हा खटाटोप कशाला?

ज्याला स्वतःचंच आठवत नाही, त्याच्या वतीने खोटं बोलणं फार सोपं असतं. म्हणूनच तिथे जपायचं.