स्वयंपाकातला 'स्वयं'

रत्नागिरीला कॉलेजात असताना मी खोलीवर हाताने करून खायला शिकलो. पहिले काही दिवस भात खाली लागायचा. मग कुळथाची पिठी जमली: लसणीची फोडणी, गुठळ्या न होऊ देता पीठ, वर दोन आमसुलं. त्याच रात्री घरी फोन केला, "आता माझं मी करून खातो." बाबांनी ते वाडीभर सांगितलं. धाकटी बहीण तेव्हा तीन वर्षं रोज भाकऱ्या थापत होती. तिचं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

'स्वयंपाक' या शब्दातच 'स्वयं' आहे. शब्दाने तरी हे काम ज्याचं त्यानेच करायचं ठेवलं होतं.

आमच्याच जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले. १८७९ साली वडील गेले. थोरल्या भावाला पगार १५ रुपये. त्यातले ८ तो कोल्हापूरला शिकणाऱ्या गोपाळला पाठवी. पैसे वाचावेत म्हणून गोपाळ हाताने रांधून खाई. ही गोष्ट स्वावलंबनाचा धडा म्हणून सांगतात. मला हल्ली त्यात उरलेले ७ रुपये दिसतात, आणि तेवढ्यात घर भागवणारी वहिनी.

माझंही पीठ घरूनच यायचं. कुळीथ भाजायचे, भरडायचे, पाखडायचे, दळायचे. हे सगळं आई करायची. मग माझं 'स्वतः' ते काय? फोडणी.

दिवाळीत घरी गेल्यावर बहिणीला म्हटलं, "आज मी करतो."

"कर की दादा," ती म्हणाली. "भांडी पण तूच घासणार ना?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.