अभिरुचीची वस्ती

चित्रपटविषयक अभिरुची वस्तीगणिक बदलते, हे नागपूरकराला सिद्ध करून दाखवावे लागत नाही. महाल, इतवारी, धरमपेठ, इंदोरा ही नावे उच्चारताच जात, वर्ग आणि तेथील माणसांना काय आवडत असेल याविषयीचे ग्रहही मनात उभे राहतात. एकपडदा चित्रगृहात पडद्यालगतची स्वस्त आसने आणि वरची बाल्कनी हा भेद होताच; पण चित्रपट एकच असे आणि खालची शिट्टी वर ऐकू जाई. बहुपडदा चित्रगृहांच्या चढ्या दरांनी हा सहवासही विरळ केला.

सौंदर्यविधान करणारा सर्वांच्या संमतीची अपेक्षा बाळगतो, असे कांटने 1790 मध्ये मांडले. अभिरुची ही वर्गभेद टिकवणारी खूण आहे, असे पिएर बुर्द्यूने 1979 मध्ये दाखवले. मग ‘हा चित्रपट हीन आहे’ हे विधान चित्रपटाविषयीचे की त्याच्या प्रेक्षकाविषयीचे?

येथे दोन दोष संभवतात. स्वतःच्या अभिरुचीला वस्ती नाही असे मानणे, हा पहिला. ‘त्यांना आवडते, तर आवडू द्यावे’ ही भूमिका, हा दुसरा. ती उदार भासते; प्रत्यक्षात ती समोरच्याची मूल्यविवेकाची क्षमताच नाकारते. ज्याच्याशी वाद घालण्याची गरज वाटत नाही, त्याला रसिक म्हणून मान्यता दिलेली नसते.

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (2022) नागपुरातील झोपडपट्टीतल्या मुलांचा. वस्ती आणि महाविद्यालय यांच्यामध्ये त्यात एक भिंत आहे. अमिताभ बच्चन यांनी साकारलेला प्रशिक्षक बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हात जोडतो. 14 ऑक्टोबर 1956 चा धम्मदीक्षा सोहळा ज्या शहरात झाला, तेथेही या दृश्याचा अर्थ सर्वत्र सारखा लागणार नाही. एकाला त्यात आपले जगणे प्रथमच पडद्यावर आल्याचा प्रत्यय येईल, दुसऱ्याला प्रचार दिसेल. दोन्ही प्रतिसादांना वस्ती आहे. मात्र हे दृश्य कलाकृतीच्या घडणीत सामावते का, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. ते पाहताना गहिवरलेला इंदोऱ्यातील प्रेक्षक सुमारे तीन तासांचा हा चित्रपट उत्तरार्धात पसरट झाल्याचे म्हणू शकतो. धरमपेठेतील प्रेक्षक त्याच विस्ताराचे समर्थन करू शकतो. त्यांचा वाद तेव्हा चित्रपटाविषयीचा असतो.

अभिरुची कोठून आली, हे सांगितल्याने ती योग्य की अयोग्य हे ठरत नाही. समीक्षकाने आपल्या विधानामागची वस्ती ओळखावी, आणि मग ते विधान दुसऱ्या वस्तीच्या परीक्षणासाठी खुले ठेवावे. एवढी नैतिक जबाबदारी त्याला टाळता येणार नाही.