मूल्य कोठे घडते?

मनुष्य कशाला मोल देतो हे त्याच्या मुखातील शब्दांवरून कळत नाही. सत्य श्रेष्ठ, दया श्रेष्ठ, अहिंसा श्रेष्ठ, असे सारेच म्हणतात. चोरही आपल्या मुलाला खरे बोलण्याचाच उपदेश करतो. परंतु एका पारड्यात सत्य आणि दुसऱ्या पारड्यात आपली एखादी आवडती वस्तू पडली, की पारडे कोणीकडे झुकते ते पाहावे. ज्यासाठी मनुष्य दुसरे काही सोडावयास तयार होतो, तेच त्याचे मूल्य. बाकी सर्व शोभेचे बोलणे होय.

मग प्रश्न असा की, हे पारडे झुकविणारे सामर्थ्य अंतःकरणात येते कोठून? जन्माने येते म्हणावे, तर एकाच मातेच्या उदरी जन्मलेल्या दोन भावांत एक उदार आणि दुसरा कृपण का निपजतो? श्रवणाने येते म्हणावे, तर आयुष्यभर निरूपण ऐकूनही कोरडे राहिलेले श्रोते आपण नित्य पाहतो. आणि श्रोत्यांचेच कशाला, वक्त्यांचेही तसेच. याविषयी आपल्याच परंपरेतील एक सर्वश्रुत प्रसंग विचारात घेऊ.

श्रीनागदेवाचार्यांच्या भोवती पुढे जे विद्वान जमले, त्यांत पंडित केशिराज अग्रगण्य होते. सूत्रपाठाचे संकलन त्यांचे, एकशे चौदा दृष्टांतांचा दृष्टांतपाठ त्यांचा, आणि संस्कृतातील रत्नमाला स्तोत्रही त्यांचेच. शास्त्रप्रकरणेही संस्कृतात आणावीत अशी इच्छा त्यांनी धरली, तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबविले. कारण काय दिले? संस्कृत हीन आहे असे ते म्हणाले नाहीत, किंवा मराठी थोर आहे असेही म्हणाले नाहीत. असे केल्याने आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील, एवढेच त्यांचे सांगणे. ही आठवण स्मृतिस्थळाने जपून ठेवली आहे.

या उत्तराचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. त्या काळी संस्कृत ही प्रतिष्ठेची भाषा होती. शास्त्र संस्कृतात गेले असते तर पंडितसभेत मान मिळाला असता, दूरदेशीचे विद्वान वाचते झाले असते. हे सर्व एका पारड्यात होते. दुसऱ्या पारड्यात भिक्षेच्या झोळ्या घेऊन बसलेल्या, अक्षरशत्रू, वृद्ध स्त्रिया होत्या. त्यांच्याकडून ना कीर्ती मिळावयाची होती, ना आश्रय. तरी पारडे त्यांच्याकडे झुकले.

आचार्यांच्या ठिकाणी हे मूल्य कसे घडले? त्यांनी श्रीचक्रधर स्वामींच्या सन्निधानात जे पाहिले त्यातून घडले. परंपरेप्रमाणे स्वामींचा देह गुर्जर देशीचा. मराठी ही त्यांची जन्मभाषा नव्हे. तरी ज्या लोकांत ते वावरले त्यांच्याच बोलीत त्यांनी निरूपण केले. महदाइसेसारखी जिज्ञासू स्त्री प्रश्नावर प्रश्न विचारी आणि स्वामी तिला उत्तर देत. स्त्रियांना शास्त्राचा अधिकार आहे, असा सिद्धांत नागदेवांनी एखाद्या पोथीतून पाठ केलेला नव्हता. त्यांनी प्रश्न करणाऱ्या स्त्रीकडे वळलेली स्वामींची दृष्टी पाहिली होती. पुढे निर्णयाची वेळ आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम त्या म्हाताऱ्यांचीच मुखे उभी राहिली.

म्हणून मला असे वाटते की, निर्णयाच्या क्षणी आपल्यापुढे कोणाचे मुख उभे राहते, यातच मूल्याचे रहस्य आहे. आधी थोरांच्या सन्निधानात ते मुख पाहावयास शिकावे लागते. मग आचरणाने ती दृष्टी दृढ होते. आणि शेवटी त्या मुखासाठी काही गमवावे लागते, तेव्हाच ते मूल्य आपले होते. केशिराजांनी आपली प्रिय इच्छा सोडली. म्हणून ते मूल्य केवळ आचार्यांचे न राहता केशिराजांचेही झाले.

येथे कोणी शंका घेईल की, लोभी मनुष्याच्या डोळ्यांपुढेही मुख असतेच. तो आपल्या मुलाचे मुख पाहूनच दुसऱ्याचे शेत बळकावतो. मग त्यालाही मूल्य म्हणावे काय? शंका योग्य आहे. मुख तर सर्वांपुढे असते. भेद आहे तो ते मुख कोणाचे आहे यात. ज्याच्याकडून आपल्याला परत काही मिळावयाचे आहे, त्याचे मुख पाहणे हा बहुधा आपलाच स्वार्थ आरशात पाहणे होय. ज्याच्याकडे परत देण्यासारखे काही नाही, त्याचे मुख पाहून जो निर्णय होतो तो शुद्ध. आचार्यांच्या म्हाताऱ्या या कसोटीला पूर्ण उतरतात.

आता एक कटू गोष्ट. ज्या शास्त्राला त्या वृद्ध स्त्रियांसाठी मराठीत ठेवले, तेच पुढील शतकांत आपल्या पूर्वजांनी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. विसाव्या शतकाच्या आरंभी संशोधकांनी त्या लिप्या उलगडीपर्यंत बाहेरच्या जगाला त्या ग्रंथांचा पत्ता नव्हता. पूर्वजांना दोष देण्याचा हेतू नाही. ग्रंथ भ्रष्ट होतील, हे भय त्यांच्यापुढे होते. परंतु भाषा तीच राहिली आणि दार मात्र लागले. यावरून एवढेच शिकावे की वस्तू वारशाने येते, मूल्य वारशाने येत नाही. ते प्रत्येक पिढीला पुन्हा घडवावे लागते.

आजही तसेच आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्याला आनंद झाला, आणि तो व्हावा हे योग्यच. लीळाचरित्राचे नाव त्या निमित्ताने ठिकठिकाणी आदराने घेतले गेले. परंतु आचार्यांनी मराठी राखली ती अभिमानासाठी नव्हे, करुणेसाठी. आपण ती केवळ अभिमानासाठी मिरवू लागलो, तर वस्तू तीच राहून मूल्य पालटले असे होईल.

हे मी इतरांना सांगत नाही. आधी मला सांगतो. काही वर्षांपूर्वी वऱ्हाडातील एका गावी चातुर्मासात माझे निरूपण चालू होते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचे विवेचन मी मोठ्या परिश्रमाने मांडले होते. अवच्छेद, उपाधी, अध्यास असे शब्द मुखातून सहज बाहेर पडत, आणि पुढे बसलेले दोन-तीन शिक्षक माना डोलवीत. त्यांच्या माना पाहून मला उत्साह येई. दाराशी एक वृद्ध बाई रोज येऊन बसत. समाप्तीच्या दिवशी त्यांनी दंडवत घातला आणि म्हणाल्या, “बाबा, लई मोठं सांगतलं तुम्ही. मले काई समजलं नाई. पन रोज आली.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते शब्द मला अधिक लागले. चार महिने माझ्या डोळ्यांपुढे कोणाची मुखे होती, हे मला त्या क्षणी कळले. मी बोलत होतो मराठीतच, पण माझे मूल्य केशिराजांच्या सोडलेल्या इच्छेच्या पारड्यात पडले होते. ती इच्छा त्यांनी सोडली. मी मात्र ती मराठीच्या वेषात जोपासली होती.

त्यानंतर निरूपणाला बसताना मी प्रथम दाराशी कोण बसले आहे ते पाहतो. अजूनही जड शब्द येतात. सवय लवकर सुटत नाही. पण शब्द येताच ते मुख आठवते, आणि पुष्कळदा शब्द मागे घ्यावा लागतो. साधकांनी आपापल्या ठिकाणी असाच शोध घ्यावा. आपण कशाला मोल देतो, हे ग्रंथाला विचारण्यापूर्वी आपल्या दाराशी बसलेल्याला विचारावे. तो जे सांगेल ते ऐकण्याचे धैर्य आपल्या ठिकाणी येवो, एवढीच परमेश्वराच्या चरणी प्रार्थना. दंडवत प्रणाम.