मुठीतल्या कवड्या

१२व्या शतकात श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात एक पेच टाकला. बंद मुठीत कवड्या किती, असे विचारल्यावर कुणी अंदाजाने ‘पाच’ म्हणाला आणि निघाल्याही पाचच, तर त्याला ज्ञान झाले म्हणायचे का? माझ्या मते नाही. सीआयएसएसपीसारख्या माहिती-सुरक्षेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्याने हा पेच मनावर घ्यावा. तिथे ८ विषयक्षेत्रे असतात आणि १००० पैकी ७०० गुण लागतात. फुटलेले प्रश्नसंच घोकून कुणी पार झाला, तर उत्तरे बरोबर, पण ज्ञान त्याचे नव्हे.

पाठांतर ही तर आपली परंपराच, असे कुणी म्हणेल. घनपाठाने वेदाचा शब्द न् शब्द टिकवला, त्या परिश्रमांपुढे मान झुकते. पण अर्थासाठी निरुक्त आणि मीमांसा वेगळी उभी राहिली, आणि अर्थ न जाणणारा पाठक यास्काच्या निरुक्तात ओझे वाहणारा खांबच ठरतो. दुसरा आक्षेप जास्त बोचरा: घर चालवायचे आहे, कंपनीला कागद हवा, मग तो कसाही मिळो. ही निकड मी हलकी मानत नाही. तरीही रात्री दोनला रुग्णालयाच्या संगणकांत खंडणीचे सॉफ्टवेअर पसरत असताना समोरच्या यंत्राचे काय करायचे? झटक्यात बंद केले तर रॅममधला पुरावा पुसला जातो. नुसती नेटवर्कची केबल काढली तर पुरावा राहतो, पण त्या यंत्रातल्या फाइली कुलूपबंद होतच जातात. आधी काय जपायचे, हे घोकलेल्या संचात नसते, आणि तिकडे वॉर्डात नर्स औषधाची मात्रा पाहायला काळ्या पडद्यासमोर उभी असते.