रविवारच्या चपला

आज सोमवार. सकाळी पावणेसातला ओल्या कचऱ्याचा डबा दाराशी आणून ठेवला, तर नेहमीपेक्षा जड. काठोकाठ मटारची सालं. काल आम्ही चौघांनी मिळून दहा किलो मटार सोलले. अंगठ्याचं नख अजून हिरवं आहे, नखाखाली बारीकशी ठणकही आहे. कचऱ्याच्या गाडीला अजून अवकाश होता. भंवरकुआंला तिचं गाणं दोन गल्ल्या आधीच ऐकू येतं, तेवढ्यात माझा चहा होतो.

काल आमचा नर्मदेचा दिवस होता. इंदुरात नळ एक दिवसाआड येतो, आणि ‘पाणी आलं’ असं कुणी म्हणत नाही. ‘नर्मदा आली’ म्हणतात. जलूदपासून सत्तर किलोमीटर, मध्ये विंध्याचा चढ, एवढं करून ती पहाटे आमच्या हौदात पडते आणि मी अर्धवट झोपेत मोटर लावते. राहायचं नावात विहीर असलेल्या वस्तीत आणि प्यायची नदी! चौकाला आता टंट्या मामांचं नाव दिलंय, वरून उड्डाणपूलही गेलाय. रिक्षावाल्याला मात्र भंवरकुआंच सांगावं लागतं.

या शहराला ही खोडच आहे. रीगलला पिक्चर लागणं बंद होऊन वर्षं लोटली, रीगल चौराहा आहे तिथेच आहे. मधुमिलन म्हटलं की आधी चौक डोळ्यांपुढे येतो. आमच्या घराजवळ तर सपना-संगीता नावाचा अख्खा रस्ता आहे. या सपना आणि संगीता कुणी बहिणी असाव्यात, अशी माझ्या मुलाची लहानपणी समजूत होती. टॉकीजची जोडी आहे म्हटल्यावर तो चांगलाच हिरमुसला होता.

तर मटार. न्याहारीचे पोहे झाले, वर शेव, जिरावण, कांदा सगळं साग्रसंगीत. मग हॉलमध्ये जुनी चादर पसरली. मटार सोलताना टीव्ही लावायचा नाही, हा सासूबाईंचा नियम आहे. हात चालू असले की तोंड आपोआप सुरू होतं, असं त्या म्हणतात. झालंही तसंच. दुसऱ्या किलोला १९७५ साल आलं.

त्या साली ‘शोले’ आला, ‘दीवार’ आला. दोन्ही सलीम-जावेदचे, आणि त्यातले सलीम खान इंदूरचे. म्हणजे आपल्या गावच्या मुलाची दोन-दोन पिक्चरं गावात गाजत असणार, आणि आमच्या घरची मंडळी गेली कशाला? तर ‘जय संतोषी माँ’ला. सासूबाईंना त्याचं काही वाटत नाही. नव्या लग्नाची सून होते, सासूबाई म्हणतील तिकडे जायचं, एवढंच त्यांचं म्हणणं.

देशभर त्या पिक्चरला बायका चपला बाहेर काढून जायच्या, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पडद्यावर आरती लागली की लोक उभे राहायचे, नाणी आणि फुलं उधळायचे. पण सासूबाईंच्या गोष्टीत पडदा येतच नाही. त्यांची गोष्ट पिक्चर सुटल्यावर सुरू होते. बाहेर चपलांचा हा ढीग, सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या, आणि यांची एकच सापडली. उजवी. डावी म्हणून कुणाची तरी एक बोट मोठी उचलली आणि तशाच फटक-फटक करत घरी आल्या. वाटेत कचोरी खाल्ली, तीही कोरडी.

“कोरडी का गं आजी?”

“शुक्रवार होता ना. चिंचेची चटणी कशी चालेल? संतोषीमातेला आंबट वर्ज्य.”

“रविवार होता,” सासरे शेंगेवरची नजर न काढता म्हणाले. “गिरणीला सुट्टी असल्याशिवाय मी कुठला येऊन राहिलो?”

“तुम्ही होतातच कुठे? आम्ही बायका-बायकाच होतो.”

“मग कचोरीचे पैसे कुणी दिले?”

हे भांडण मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. टॉकीज कोणतं, यावरही एकमत नाही. दर हिवाळ्यात वार बदलतो, सोबतची माणसं बदलतात. मागच्या वर्षी चप्पल दोन बोटं मोठी होती. ती कोरडी कचोरी मात्र ढळत नाही. मला तर वाटतं, कचोरी तेवढी खरी असावी, बाकी सगळं तिच्याभोवती नंतर जमलेलं. इंदुरातल्या बऱ्याच मराठी घरांत अशी लताबाईंचीही एखादी गोष्ट असते. जन्म इथल्या सिख मोहल्ल्यातला, २८ सप्टेंबर १९२९. एवढा धागा पुरतो, पुढचं प्रत्येक घर आपापलं विणतं.

दुपारी मुलानं मोबाइलवर तिकिटं काढली आणि आम्ही सगळे पिक्चरला गेलो. चादर तशीच, सोललेले दाणे पातेल्यात, पातेलं फ्रिजमध्ये. निघायला उशीर झाला, कारण सासऱ्यांना कानटोपी हवी होती, आतल्या गारव्यासाठी. पिक्चरबद्दल काही लिहावं असं नाही. मारामाऱ्या होत्या, आवाज फार होता. मध्यंतरात पॉपकॉर्नचा भाव ऐकून सासरे म्हणाले, एवढ्यात घरी अजून दहा किलो मटार आला असता.

सुटल्यावर दिवे लागले, लोक उठले, आणि सासूबाई उठेनात. खुर्ची अशी पाय लांब करायची, ऐसपैस; त्यांनी सवयीनं चपला काढून खाली ठेवलेल्या. एक सापडली. दुसरीसाठी मुलगा मोबाइलचा उजेड लावून खुर्चीखाली आडवा झाला, झाडू घेऊन आलेला पोरगाही वाकला. दोन मिनिटांत पुढच्या रांगेखाली मिळाली. डावीच होती. सासरे कानटोपीतून काही बोलले नाहीत, पण खांदे हलत होते.

परतताना चौकात गर्दी होती. रविवारी संध्याकाळी इथल्या पुष्कळ मुलांचा टिफिन बंद असतो. पीएससीची तयारी करणारी, रीवा-छिंदवाड्याकडून आलेली पोरं गटागटानं बाहेर पडतात. कुणी मॅगी खातं, कुणी नुसताच चहा घेऊन उभ्या उभ्या घरी फोन लावतं. एक मुलगा आईला सांगत होता की आज काहीच केलं नाही, कपडे धुतले बस. आणि मग त्या कपड्यांबद्दल तो बराच वेळ बोलत राहिला.

घरी आल्यावर उरलेले चार किलो सोलले. रात्री साडेदहा वाजले.

गाडीचं गाणं आता गल्लीच्या तोंडाशी आलंय. डबा उचलते आहे, आणि आत सासूबाई देवासला वन्संशी फोनवर बोलताहेत. “पिक्चर ना? नाव काय बरं त्याचं... ते जाऊ दे. अगं, माझी चप्पल गेली! अर्धा तास सगळं टॉकीज शोधत होतं. मॅनेजर आला, बॅटऱ्या आणल्या...”

सासऱ्यांनी पेपर खाली केला. माझ्याकडे पाहिलं. मी डबा घेऊन खाली गेले.