हरवलेले शब्द परत आणताना

बोललेला शब्द हवेत विरतो आणि लिहिलेला टिकतो, असा मानवाचा फार जुना समज आहे. संगणकाच्या जाळ्यावरील गप्पांनी तो मोडीत काढला. त्या लिहिल्या जात, परंतु बोलण्याच्या वृत्तीने: बेसावध, उत्स्फूर्त, ओळखीच्या मोजक्या मंडळींसाठी. बोलण्यासारख्याच त्या विरूनही जात. पुढे वीस वर्षांनी कोणी त्या परत आणल्या, तर त्या कृतीचे नैतिक मोल काय?

यूझनेट ही चर्चेची व्यवस्था अमेरिकेत १९८० च्या सुमारास सुरू झाली. विद्यापीठांतील तरुण तीवर संगणकाविषयी बोलत, तसेच विज्ञानकथांविषयी आणि ‘स्टार ट्रेक’ या मालिकेविषयी हिरिरीने वाद घालत. साठवणीची जागा महाग, म्हणून जुना मजकूर लवकरच पुसला जाई आणि लिहिणाऱ्यांनाही तेच अपेक्षित असे. मात्र टोरांटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात संगणकाचे काम पाहणारे हेन्री स्पेन्सर तो मजकूर चुंबकीय फितींवर उतरवून ठेवीत राहिले. (प्राणिशास्त्र विभागात, हे विशेष!) १९८१ ते १९९१ या काळातील अशा १४१ फिती जमल्या. २००१ च्या डिसेंबरात गूगलने सुमारे वीस वर्षांचा संग्रह जगाला खुला केला, त्यात या फितींचा वाटा मोठा होता. टिम बर्नर्स-ली यांनी ‘वर्ल्ड वाइड वेब’विषयी १९९१ साली दिलेली माहिती त्यात सापडते. आणि कुणा विद्यार्थ्याने रागाच्या भरात दुसऱ्या चाहत्यावर झाडलेले ताशेरेही, अनेकदा खऱ्या नावानिशी.

पुसले गेले असते तर बरे झाले असते, विस्मरण हीही एक करुणाच, असे काही विचारवंत म्हणतील. मला ते पटत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये याहूने आपल्या ‘ग्रुप्स’वर साठलेला मजकूर काढून टाकण्याचे जाहीर केले, तेव्हा चाहत्यांनी आपल्या कथा आणि चर्चा वाचवण्यासाठी जिवापाड धावपळ केली. मुदत थोडी वाढली, इतकेच. तेथे क्षमा करणारा कोणी नव्हता. होता तो व्यापारी हिशेब. हिशेबातून आलेल्या विस्मरणाला करुणा म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

संत ऑगस्टीन यांनी उतारवयात, इ. स. ४२६–४२७ च्या सुमारास, आपलेच जुने ग्रंथ पुन्हा वाचून ‘रेट्राक्टासिओनेस’ हा ग्रंथ सिद्ध केला. जेथे आपण चुकलो वा अपुरे बोललो तेथे त्यांनी टिप्पणी केली; जुने लेखन जाळले नाही. पत्रे आणि प्रवचनेही तशीच तपासण्याचा त्यांचा मानस होता, तो अपुरा राहिला. तरुणपणीच्या शब्दाशेजारी म्हातारपणीचा शब्द ठेवण्याची ती मुभा फितीवरच्या विद्यार्थ्याला कोणी दिली? त्याचे विसाव्या वर्षीचे वाक्य आज एकटेच उभे आहे, आणि त्याला नोकरी देऊ पाहणारा ते वाचतो आहे.

म्हणून जतन करणे आणि प्रदर्शन मांडणे या दोन कृती वेगळ्या मानल्या पाहिजेत. पहिलीला मी विरोध करणार नाही. स्पेन्सर यांचे श्रम मला आदरणीय वाटतात. दुसरीला लिहिणाऱ्याची अनुमती हवी. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ साली असाच भेद केला: व्यक्तीच्या नावाने शोध घेतल्यास दिसणारा जुना दुवा काढण्याची मागणी तिला करता येते, मूळ मजकूर मात्र जागच्या जागी राहू शकतो. हा तोडगा अपुरा आहे, पण विचाराची दिशा योग्य आहे.

मृतांविषयी मी इतक्या खात्रीने बोलू शकत नाही. चाहत्यांपैकी पुष्कळांनी टोपणनावाने लिहिले, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसे. त्यांच्या वतीने अनुमती कोणी द्यावी? रक्ताच्या वारसांनी नव्हे, असे मला वाटते. ज्या मोजक्या मंडळींसाठी ते शब्द लिहिले गेले, त्यांच्यापैकी जे आज उरले असतील, त्यांना आधी विचारावे.